गाडीच्या काचेवरचे जुने स्टिकर आणि त्यांचा चिवट गोंद: काचेला इजा न करता कसा काढावा?

वाटसरू
वापरलेली गाडी घेतली आहे. आधीच्या मालकांना स्टिकरांची भारी हौस असावी. सध्याची परिस्थिती अशी:

पुढच्या काचेवर आतल्या बाजूने, खालच्या कोपऱ्यात पार्किंगचे कागदी पास एकावर एक डकवले आहेत. वरचा अर्धा फाटलाय, खालचे पिवळे पडलेत.

मागच्या दाराच्या काचेवर बाहेरून व्हिनाइलचे मोठे चित्र आहे. उन्हाने तडकून त्याचे खवले झालेत, नखाने काढायला गेले की चिमूटभर तुकडा हातात येतो.

मागच्या काचेवर आतून एक लांब पट्टी होती. ती कुणीतरी आधीच ओढून काढली आहे, पण गोंद तसाच आहे आणि त्यावर धूळ बसून काळा पट्टा तयार झालाय. नेमक्या तिथेच डिफॉगरच्या (काचेवरचे धुके घालवणाऱ्या) रेषा आहेत.

रॉकेलपासून टूथपेस्टपर्यंत सगळे उपाय वाचून झाले. एक म्हणतो ब्लेड बिनधास्त चालवा, दुसरा म्हणतो ब्लेड लावले की काच गेलीच म्हणून समजा. आत्मविश्वास दोघांचाही सारखाच. ज्यांनी हे काम खरोखर केले आहे त्यांनी सांगावे.

घासूनपुसून
फडक्यावर थोडे पेट्रोल घ्या आणि चोळा. दोन मिनिटांचे काम. यासाठी धागा काढावा लागतो हेच नवल.

काचवाला_मामा
पेट्रोल नको. का नको ते रसायनातलं कुणीतरी सांगेलच, मी काचेपुरतं बोलतो. गाड्यांच्या काचा काढणं-बसवणं हाच आमचा धंदा.

वाटसरू, तुमची तीन दुखणी तीन वेगळ्या काचांवर आहेत. म्हणून तर तुम्हाला उलटसुलट उत्तरं मिळतायत, आणि गंमत म्हणजे त्यातली बरीचशी आपापल्या जागी बरोबर आहेत.

पुढची काच लॅमिनेटेड असते. दोन काचा आणि मध्ये पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा पडदा. दगड लागला तर तडा जातो, पण काच जागा सोडत नाही. दारांची आणि मागची काच बहुतेक गाड्यांत टेम्पर्ड असते, म्हणजे ६०० अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतानं झटक्यात गार केलेली. ती फुटली की बोथट कडांचे बारीक खडे होतात. हल्ली काही गाड्यांत आवाज कमी यावा म्हणून दारांनाही लॅमिनेटेड देतात, तेव्हा अंदाजानं जाऊ नका. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांचा शिक्का असतो, तो वाचा. बऱ्याच काचांवर प्रकार सरळ लिहिलेला असतो.

याचा स्टिकरशी संबंध असा: लोकांना वाटतं पुढची काच सगळ्यांत दणकट, तिला कितीही तापवा. उष्णतेच्या बाबतीत नेमकं उलटं आहे. टेम्पर्ड काच एका जागी तापली आणि बाजूला गार राहिली तरी साधारण २०० अंशांचा फरक सोसते. साधी काच ४० अंशांच्या आसपासच नांगी टाकते, आणि पुढच्या काचेतल्या दोन काचा या साध्या काचेच्या जवळच्या. त्यात दगडाची बारीकशी टिचकी आधीच असेल तर तडा तिथूनच पळतो. म्हणून थंडीत गारठलेल्या पुढच्या काचेवर उकळतं पाणी किंवा हीट गन (कडक गरम हवेचा झोत मारणारं यंत्र) हे दोन्ही प्रकार करूच नका. केस वाळवायचा ड्रायर पुरे, तोही एका जागी न धरता हलवत ठेवून.

द्रावण
रसायनाचे मी सांगते.

स्टिकरचा गोंद वाळून घट्ट होणारा गोंद नसतो. तो कधीच पूर्ण वाळत नाही, म्हणून तर दाबला की चिकटतो. तो म्हणजे डांबरासारखा अतिशय दाट द्रव आहे असे समजा: तापवला की मऊ होतो, गारठला की कडक. वर्षानुवर्षे उन्हात राहिला की अतिनील किरणांनी त्याच्या साखळ्या एकमेकींत गुंततात आणि तो जास्त चिवट होतो. व्हिनाइलचे उलटे. त्याला लवचिक ठेवणारे द्रव्य हळूहळू निघून जाते आणि ते ठिसूळ होते. वाटसरू यांच्या दारावर दोन्ही गोष्टी एकदम झाल्या आहेत, वर खवले आणि खाली चिवट थर.

या गोंदांची दोन मोठी घराणी आहेत, रबरी आणि ॲक्रिलिक. रबरी गोंद तेलाला, रॉकेलला, संत्र्याच्या सालीतल्या लिमोनीनला शरण जातो. ॲक्रिलिक गोंद तेलाला फारसा दाद देत नाही, पण आयसोप्रोपिल अल्कोहोलने फुगतो आणि पकड सोडतो. नुसत्या पाण्याला दोन्ही भीक घालत नाहीत. पाणी उपयोगी पडते ते फक्त वरच्या कागदासाठी. एकाच उपायाने एकाचे काम दोन मिनिटांत होते आणि दुसऱ्याचे अजिबात होत नाही, याचे कारण एवढेच.

स्टिकर बघून कुठला गोंद आहे हे कळत नाही, म्हणून चाचणी करा. एका टोकाला तेलाचा बोळा, दुसऱ्या टोकाला अल्कोहोलचा बोळा, दहा मिनिटे थांबा. मग बोटाने चोळून बघा. जिथे गोंदाच्या वळ्या वळायला लागतील ते तुमचे औषध.

पेट्रोल गोंद काढते, हे खरे आहे. पण त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, ती गाडीच्या तळाशी साचते, आणि पेटायला एक ठिणगी पुरते. शिवाय त्यात बेन्झीन असते, जे कर्करोगकारक आहे आणि कातडीतूनही शरीरात जाते. बंद गाडीत बसून ते काचेला चोळणे हा वेडेपणा आहे.

घासूनपुसून
ताई, इतकी वर्षे काही झाले नाही. बरे, पेट्रोल राहू द्या. ॲसिटोन लावायचे आणि वरून हीट गन मारायची, मग तर लोण्यासारखे निघेल ना?

द्रावण
नाही! हे वाचून कुणी करून बघू नये म्हणून ठळक लिहिते: ज्वलनशील द्रव आणि उष्णता कधीही एकत्र वापरू नका. ॲसिटोनची वाफ उणे २० अंशांनाही पेट घेऊ शकते. आयसोप्रोपिल अल्कोहोलला १२ अंश पुरतात, म्हणजे नेहमीच्या हवेत तेही पेटण्याजोगेच. हीट गनच्या तोंडाशी कित्येकशे अंश तापमान असते. आधी उष्णतेने स्टिकर काढा, यंत्र बंद करून बाजूला ठेवा, काच हाताला गार लागू द्या आणि मगच द्रावण बाहेर काढा. गाडीची दारे सताड उघडी हवीत. भिजलेली फडकी बोळा करून कचऱ्यात टाकू नका, बाहेर मोकळ्यावर पसरून वाळू द्या.

चकचकीत
ताईंना +१. गाड्या धुणे-चमकवणे हा माझा छंद, त्यामुळे प्रत्यक्ष कसे करावे ते लिहितो.

कागदी पास: आधी वरचा छापील, गुळगुळीत पापुद्रा नखाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने ओरबाडून घ्या, नाहीतर पाणी आत शिरत नाही. मग कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून त्यात भिजवलेला टिश्यू पेपर स्टिकरवर चिकटवा आणि त्यावर प्लास्टिकचा पातळ कागद लावा, म्हणजे पाणी वाळत नाही. अर्धा तास विसरून जा. कागदाचा लगदा पट्टीने सरकतो. एकावर एक पास असतील तर हेच प्रत्येक थराला. सगळे एकदम उपटायला गेलात तर मधला थर फाटतो आणि काम दुप्पट होते.

पुढच्या काचेवर आतून काम करताना डॅशबोर्डवर जाड टॉवेल पसरा आणि तो काचेच्या खालच्या फटीत खोचा. तिथे हवेची भोके असतात आणि खाली वायरिंग. फवारा काचेवर मारायचाच नाही, फडक्यावर मारायचा.

व्हिनाइल: ड्रायरने कोपरा गरम करा, हाताला सोसवेल इतकाच. कोपरा उचलून चित्र स्वतःवरच उलटे दुमडत, काचेला जवळजवळ समांतर ओढा. काटकोनात ओढले की तुटते. पुढे पुढे ड्रायर, मागे मागे हात. इथे एक खोच आहे. जास्त गरम केले तर व्हिनाइल सुरेख निघते, पण गोंद काचेवरच राहतो. कमी गरम केले तर व्हिनाइल तुटते. मधली जागा हाताला सापडते. पण वाटसरू यांच्या दारावर खवलेच झाले आहेत, तिथे ओढाओढ चालणार नाही. ते ब्लेडचे काम.

वाटसरू
म्हणजे ब्लेड चालते? मग काच जाते असे म्हणणारे काय चुकीचे म्हणतात?

चकचकीत
मी स्वतः धातूचे ब्लेड वापरत नाही. प्लास्टिकची ब्लेडे मिळतात, जरा बोथट असतात, पण चिंता नाही. धातूचे एकदा घसरले की चरा कायमचा.

काचवाला_मामा
चकचकीत, तुमची काळजी रास्त आहे, पण दोष ब्लेडवर जातोय तो बराचसा धुळीचा आहे. ब्लेडचं पोलाद आणि काच यांचा कठीणपणा जवळपास सारखा, मोस् मापावर साडेपाच-सहाच्या घरात. वाळूचा कण असतो ७. म्हणजे काचेवर चरा पाडतो तो ब्लेड आणि काच यांच्यामध्ये सापडलेला कण. ब्लेड त्याला फक्त दाबून धरून ओढतं.

म्हणून आमची पद्धत. काच आधी भरपूर पाण्यानं धुवायची, कोरडी पुसायची नाही. मग साबणाचं पाणी मारायचं, इतकं की ब्लेड तरंगलं पाहिजे. एकेरी धारेचं कोरं ब्लेड, दांड्यात नीट बसवलेलं, काचेशी साधारण ३० अंशांचा कोन. ढकलायचं फक्त पुढे. मागे आणताना उचलून आणायचं. मागे ओढलं की खाली अडकलेला कण सगळा रस्ता चरे पाडत येतो, आणि दहातले नऊ चरे तिथेच पडतात. ब्लेडवर गंजाचा ठिपका दिसला किंवा कोपरा वाकला तर फेकून द्या, काटकसर करू नका. हातात नुसतं ब्लेड धरून काम करणाऱ्यांना मी काही सांगत नाही, त्यांची बोटंच सांगतील.

टेम्पर्ड काचेबाबत एक जादा खबरदारी. भट्टीत तापवताना कधी कधी काचेचे सूक्ष्म कण पृष्ठभागावर वितळून चिकटलेले राहतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण ब्लेड फिरवलं की खरखर ऐकू येते. तसा आवाज आला तर थांबायचं. ब्लेडनं तो कण उखडला की पुढे तोच घासत जातो. तिथे प्लास्टिकचं ब्लेड आणि भरपूर भिजवणं. म्हणजे दारासाठी चकचकीत यांचं म्हणणं मलाही मान्य.

आता मागची काच. आतल्या बाजूला ब्लेड अजिबात नाही, कुठलंही नाही, प्लास्टिकचंसुद्धा नाही. त्या रेषा म्हणजे काचेच्या आत पुरलेल्या तारा नव्हेत. चांदी मिसळलेली शाई पृष्ठभागावर छापून भाजलेली असते. ब्लेडच्या एका फटक्यात रेष तुटते आणि तेवढी एक ओळ धुकं काढायची बंद होते. काही गाड्यांत रेडिओचा अँटेनाही त्याच रेषांत असतो.

निळी_छटा
मामांनी ब्लेडचे सांगितले, त्याच्याही आधीची एक पायरी राहिली. काचेवर फिल्म (ऊन अडवायला चिकटवलेला पातळ, रंगीत पापुद्रा) आहे का ते बघा. वापरलेल्या गाडीत हे हमखास विसरले जाते. फिल्म नेहमी आतून असते आणि अगदी फिकट असली तर कळतच नाही. काच अर्धी खाली घ्या आणि वरची कड बघा. फिल्म असेल तर कडेपासून किंचित खाली एक सरळ रेष दिसते. मागच्या काचेला कडेच्या काळ्या ठिपक्यांच्या पट्ट्याजवळ बघा, तिथे फिल्म बहुधा नीट बसत नाही आणि पांढुरकी दिसते.

फिल्म पॉलिस्टरची असते आणि तिच्यावर ओरखडे रोखणारा पातळ लेप असतो. फिल्म निघाली तर वर लिहिलेले बरेचसे उपाय बाद. ब्लेड नाही, ॲसिटोन नाही, थिनर नाही, तारेची घासणी नाही. काच पुसायच्या काही द्रवांत अमोनिया असतो, तोही नको. तो लेप आणि रंग दोन्ही हळूहळू खराब करतो. ड्रायरही जपून, नाहीतर स्टिकरबरोबर फिल्मच उचलली जाते. उरतात साबणाचे कोमट पाणी, पातळ केलेले आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ फडके आणि सबुरी.

शंकासुर
बाहेरून काम करताना खिडकीच्या रबराचे काय? आणि रंगाचे? द्रावण ओघळतेच.

द्रावण
चांगला प्रश्न, आणि उत्तर थोडे अनपेक्षित आहे. खिडकीभोवतीचे रबर बहुधा ईपीडीएम नावाचे कृत्रिम रबर असते. ते ॲसिटोनला बऱ्यापैकी तोंड देते, पण रॉकेल, पेट्रोल, खनिज तेल यांच्यात मुरले की फुगते आणि ढिले पडते. रंगाचे नेमके उलटे. ॲसिटोन आणि थिनर रंगाचा वरचा थर मऊ करतात, रॉकेल मात्र लगेच पुसले तर सहसा त्रास देत नाही. म्हणजे एकाला चालते ते दुसऱ्याला चालत नाही. तोडगा एकच: बाटली काचेवर ओतायची नाही. बोळा नुसता ओलसर करायचा आणि खालच्या कडेला मास्किंग टेप लावून त्यावर कोरडे फडके ठेवायचे.

प्लास्टिकच्या पट्ट्या, दिव्यांची पॉलिकार्बोनेटची आवरणे, दुचाकीची पारदर्शक काच (ती मुळात काच नसतेच) यांच्याजवळ ॲसिटोन नेऊही नका. पृष्ठभागावर बारीक भेगांचे जाळे उठते आणि ते पॉलिशने जात नाही. नेलपॉलिश रिमूव्हर वापरणाऱ्यांनीही लेबल वाचावे. काहींत ॲसिटोन असते, आणि "ॲसिटोनविरहित" लिहिलेल्यांत बहुधा इथाइल ॲसिटेट असते. रंगाच्या दृष्टीने तेही निरुपद्रवी नाही.

सुटसुटीत
व्हिनेगर राहिले. टूथपेस्ट राहिली. डब्ल्यूडी ४० (गंजलेले भाग सोडवायचा फवारा) राहिले.

चकचकीत
व्हिनेगर गोंदाला काही करत नाही, पाण्याचे पांढरे डाग काढायला चांगले. टूथपेस्टमध्ये घासणारी पूड असते, गोंदाशी तिचा संबंध नाही. डब्ल्यूडी ४० चालते, कारण ते मुख्यतः पेट्रोलियमचे हलके द्रव आहे, म्हणजे ताईंच्या भाषेत रबरी घराण्याचे औषध. स्वयंपाकाच्या तेलात खायचा सोडा कालवून केलेला लेपही रबरी गोंदावर चालतो, सोडा काचेपेक्षा फारच मऊ असल्याने ओरखडे पडत नाहीत.

गोंदाचा पातळ थर उरला असेल तर द्रावणाआधी पॅकिंगची चिकटपट्टी लावून बघा. गोंदावर दाबायची आणि झटक्यात ओढायची, पुन्हा पुन्हा. गोंद गोंदाला घेऊन येतो. ताजा गोंद असेल तर निम्मे काम असेच होते. धूळ बसून काळा झालेला असेल तर मात्र पट्टी चिकटतच नाही.

वाटसरू
मागची काच तपासली. निळी_छटा म्हणतात तशी रेष कुठेच नाही, म्हणजे फिल्म नाही. चाचणीत तेलाने काही झाले नाही, अल्कोहोलने वळ्या वळल्या. आता पुढे? रेषांवरून फडके कसे फिरवायचे?

काचवाला_मामा
म्हणजे ॲक्रिलिक निघाला. अल्कोहोलनं ओला केलेला कापूस गोंदावर चिकटवून ठेवा, वाळला की पुन्हा ओला. घाई हीच त्या रेषांची शत्रू. गोंद सुजून मऊ झाला की मऊ फडक्यानं रेषांच्या दिशेनं पुसा, आडवं. उभं घासलं तर प्रत्येक रेषेची कड अडते. नख नाही, अंगठीचा हात नाही. एका वेळी वीतभर भागच घ्या आणि फडक्याची घडी बदलत राहा, नाहीतर काढलेला गोंद पुढे लिंपत जाल. डिफॉगर अर्थातच बंद हवा.

झाल्यावर परीक्षा: काचेवर आतून वाफ धरू द्या आणि डिफॉगर लावा. एखाद्या रेषेभोवतीचं धुकं विरलं नाही तर ती तुटली आहे. त्यासाठी चांदीचा वाहक रंग मिळतो, तुटलेल्या जागी दोन्हीकडे टेप लावून बारीक रेघ ओढायची. छोटी तुटलेली जागा त्यानं सांधली जाते.

आणि पुढच्या काचेवर आरशामागे कॅमेरा किंवा पावसाचा सेन्सर असेल तर त्या चौकटीत कुठलंही द्रावण नेऊ नका. सेन्सर आणि काच यांच्यामध्ये पारदर्शक जेलची गादी असते, ती बिघडली की वायपर मनाला येईल तसे चालतात.

घासूनपुसून
आमच्या पेट्रोलला कुणी वाली नाही तर. असो. एक मात्र माझ्याकडून: तेल, रॉकेल, डब्ल्यूडी काहीही लावा, पण शेवटी साबणाने धुवा. पुढच्या काचेवर तेलाचा हात राहिला तर दिवसा तो लक्षातही येत नाही, पण रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यांनी सगळी काच पांढरी होते. बाहेरून असेल तर वायपर ते सगळीकडे फासतात.

द्रावण
याच्याशी शंभर टक्के सहमत. आधी साबण, मग पाणी, शेवटी अल्कोहोलचा हात. उलट क्रमाने केले तर तेल नुसते पसरते.

शंकासुर
अजून एक. माझ्या काचेवरचा स्टिकर निघाला, गोंद निघाला, तरी स्टिकरचा आकार दिसतोच. अक्षरेसुद्धा वाचता येतात. हे काय गौडबंगाल आहे?

चकचकीत
तीन शक्यता. काच कोरडी असताना काहीच दिसत नाही, पण वाफ धरली की आकार उमटतो, असे असेल तर गोंदाचा अतिशय पातळ थर उरला आहे. अल्कोहोलने पुन्हा पुसा, नाही गेला तर काचेसाठीचे सौम्य पॉलिश हाताने.

कोरड्या काचेवर आकार दिसतो आणि आकाराच्या आत काच स्वच्छ, बाहेर किंचित पांढुरकी असेल, तर स्टिकरचा दोष नाही. बाहेरच्या काचेवर पाण्यातले क्षार बसत गेले आणि स्टिकरखालची तेवढी जागा झाकलेली राहिली. मघाशी बाद केलेले व्हिनेगर इथे कामाला येते.

तेही नाही आणि ओली केली की खूण दिसेनाशी होते, वाळली की परत येते, तर काचेचा पृष्ठभागच सूक्ष्मपणे खरबरीत झाला आहे. तिथे सीरियम ऑक्साइडची पूड पाण्यात कालवून फेल्टच्या चकतीने पॉलिश करतात.

काचवाला_मामा
दाराच्या काचेवर करा खुशाल. पुढच्या काचेवर, चालकाच्या नजरेसमोरच्या भागात, सीरियम आणि मशीन नको. एकाच जागी घासत राहिलं की तिथे हलका खळगा होतो आणि त्यातून समोरचा रस्ता लहरी लहरी दिसतो. शिवाय चकतीखाली काच तापते, ते पुढच्या काचेला चालत नाही हे वर लिहिलंच आहे. शंकासुर, खूण कुठल्या काचेवर आहे?

शंकासुर
मागच्या दाराच्या, बाहेरून. आणि आकाराबाहेरची काच पांढुरकी आहे.

काचवाला_मामा
मग क्षारच. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं पाच-दहा मिनिटं लावून ठेवा, रंगावर ओघळू देऊ नका, भरपूर पाण्यानं धुवा. एकदा करून नाही गेलं तर पुन्हा करा.